दोन हातांचं वाकडं पातं विरुद्ध रोमन चिलखत: डेशियन फाल्क्सबद्दल

निवडुंग

लष्करी इतिहासाचे व्हिडिओ बघणाऱ्यांना हा प्रसंग ओळखीचा असेल. दाढीवाला, उघडाबंब डेशियन योद्धा दोन हातांत वाकडं पातं उगारून येतो, रोमन सैनिकाच्या डोक्यात घालतो आणि शिरस्त्राणाची दोन शकलं होतात. मग निवेदक आवाज खाली आणून सांगतो की या एका हत्याराने रोमला आपलं चिलखत बदलायला लावलं. मला यातलं निम्मं पटतं आणि निम्मं बिलकूल पटत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. दान्यूब नदीच्या उत्तरेला, आजच्या रुमानियात, डेशियन लोकांचं राज्य होतं. राजा डेसेबालस. सम्राट डोमिशियनच्या काळात या मंडळींनी नदी ओलांडून मोएशिया प्रांताचा रोमन राज्यपाल ओपियस सबायनस याला मारलं. बदला घ्यायला प्रीटोरियन रक्षकांचा प्रमुख कॉर्नेलियस फुस्कस फौज घेऊन डेशियात घुसला, तर तोही मेला आणि फौजेचं निशाण शत्रूच्या हाती गेलं. इ.स. ८८ मध्ये टापे इथे रोमनांनी लढाई जिंकली खरी, पण ८९ साली जो तह झाला त्यात पैसे रोम देणार आणि कारागीरही रोम पुरवणार! ट्रेजन गादीवर आला तेव्हा हे उट्टं काढायचं बाकी होतं. त्याने दोन युद्धं केली, इ.स. १०१-१०२ आणि १०५-१०६.

आता हत्यार. फाल्क्स म्हणजे पुढे वाकलेलं पातं, आणि धार वाकाच्या आतल्या बाजूला. आपला कोयता डोळ्यांसमोर आणा, पातं बरंच लांबवा आणि दांडा दोन्ही मुठी मावतील एवढा करा. डेशियनांकडे याच घाटाचं एक छोटं, एका हाताचं पातंही होतं, त्याला सिका म्हणत. व्हिडिओवाले दोन्हींची सर्रास खिचडी करतात. सिकावाल्याच्या दुसऱ्या हातात ढाल असे. मोठ्या फाल्क्सवाल्याला ढाल घ्यायची सोयच नव्हती, आणि पुढचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

समोरचा रोमन कसा होता? डाव्या हातात वाकदार मोठी ढाल, म्हणजे स्कूटम. डोक्यावर लोखंडाचं किंवा पितळी धातूचं शिरस्त्राण, त्याला मानेवर येणारा रुंद काठ आणि गालांवर पट्ट्या. छाती-खांद्यांवर चिलखत, कड्यांचं, खवल्यांचं किंवा लोखंडी पट्ट्यांचं. हातात ग्लॅडियस, पातं साधारण अर्धा मीटर, भोसकायला उत्तम. उघडं काय राहतं? उजवा दंड आणि मनगट (तलवार ढालीबाहेर काढली की हाच हात पुढे येतो), गुडघ्याखालचे पाय, आणि ढालीच्या वरून दिसणारं डोकं-खांदे.

माझं म्हणणं असं की फाल्क्सवाला चिलखताशी भांडतच नव्हता. सरळ तलवारीचा वार ढालीच्या काठावर अडला की तिथेच संपतो. फाल्क्सचा वार काठावर अडला तरी पात्याचं वाकडं टोक काठापलीकडे उतरतं, डोक्यावर, खांद्यावर, नाहीतर ढाल धरलेल्या हातावर. बाजूने आलं तर उजव्या दंडावर. खालून फिरवलं तर नडगीवर.

आणि रोमनांनी ठिगळं लावली ती नेमकी याच जागी. शिरस्त्राणाच्या टाळूवर आडवे-उभे दोन लोखंडी पट्टे, फुलीसारखे. उजव्या हातावर मॅनिका, म्हणजे एकावर एक चढलेल्या पट्ट्यांचं हातकवच. पायांवर नडगीपट्टे.

याचा सगळ्यात बोलका पुरावा अदामक्लिसीला आहे, रुमानियाच्या दोब्रुजा भागात. ट्रेजनने तिथे इ.स. १०९ मध्ये मार्स अल्टर, म्हणजे सूड घेणारा मार्स, या देवाला वाहिलेलं विजयस्मारक उभारलं. त्याभोवती चौकोनी शिलापट होते, मूळचे ५४. त्यांतल्या काहींवर दोन हातांनी वाकडं पातं उगारलेला माणूस आणि त्याच्यासमोर हातकवच घातलेला रोमन अगदी समोरासमोर कोरलेत. कोरीवकाम ओबडधोबड आहे, माणसं ठेंगणी आणि डोकी मोठी, पण मॅनिकेची एकेक पट्टी मोजून घ्यावी अशी दाखवली आहे. ज्याने कोरलं त्याला हे प्रकरण माहीत होतं.

तर प्रश्न असे: फाल्क्स खरोखर शिरस्त्राण फोडत असेल का? हातकवच फाल्क्समुळेच आलं का? आणि हे हत्यार एवढं भारी होतं तर डेशियन हरले कसे?

---

सांजसकाळ

मस्त धागा. वाचतेय.

अदामक्लिसी पाहिलेलं नाही, पण रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभाची (ज्यावर या युद्धांची दृश्यं कोरलीत) प्लास्टर प्रतिकृती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. स्तंभ छतात मावेना म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभे केलेत. मी तिथे मुलांना घेऊन गेले होते. वरच्या गॅलरीतून बघितलं की मधले पट्टे डोळ्यांच्या पातळीला येतात, रोममध्ये खाली रस्त्यावरून मान मोडेपर्यंत बघूनही ते दिसत नाहीत. इ.स. १०१ मधल्या, ट्रेजनच्या वेळच्या टापेच्या लढाईच्या दृश्यात एक रोमन साहाय्यक सैनिक आहे, दोन्ही हात लढण्यात गुंतलेत म्हणून त्याने शत्रूचं कापलेलं मुंडकं केसांनी दातांत धरलंय! मुलगा म्हणाला, "आई, हे चांगले लोक आहेत की वाईट?" काय सांगणार.

पण एक विचारायचंय. त्या स्तंभावर मला मोठं दोन हातांचं पातं काही सापडलं नाही. डेशियनांच्या हातात ढाल आणि छोटं वाकडं पातं, बस्स. मग इतकी वर्षं स्तंभ हाच मुख्य पुरावा म्हणून कसा काय सांगतात?

---

मोडीवाचक

सांजसकाळताई, बरोबर पाहिलंत. स्तंभ रोममध्ये, रोमच्या कसबी शिल्पकारांनी कोरला. इ.स. ११३ मध्ये तो लोकार्पण झाला. १५५ च्या आसपास दृश्यं, अडीच हजारांवर आकृती, आणि सगळं कसं शिस्तीत: लीजनचा (रोमच्या मुख्य पलटणीचा) सैनिक म्हणजे पट्ट्यांचं चिलखत, साहाय्यक सैनिक म्हणजे कड्यांचं. गणवेश पाहून कोण कोणाच्या तुकडीतला ते कळावं अशी ती सोय आहे. प्रत्यक्षात रणांगणावर असा नेटकेपणा नसतो.

अदामक्लिसीचे शिलापट बहुधा फौजेतल्याच किंवा आसपासच्या दगडफोड्यांनी केले. तिथे कला बेतास बात, पण कपडालत्ता आणि हत्यारं खरी. गंमत म्हणजे तिथे पट्ट्यांचं चिलखत एकाही रोमनाच्या अंगावर नाही, सगळे कड्यांच्या नाहीतर खवल्यांच्या चिलखतात. स्तंभ आणि शिलापट एकाच युद्धाचे आणि चित्र असं उलटं.

आणखी एक मेख. शिलापटांवरचे दोन हातांनी वार करणारे सगळेच डेशियन आहेत असं नाही. काहींच्या डोक्याला एका बाजूला केसांची गाठ आहे, ती जर्मानिक टोळ्यांची खूण. १०१-१०२ च्या हिवाळ्यात डेसेबालसने दान्यूबच्या खालच्या अंगाने उलटा हल्ला चढवला, त्यात त्याचे दोस्तही होते, घोड्यावरचे रॉक्सोलानी आणि पायदळात बहुधा बास्टार्नी. अदामक्लिसी त्याच मुलखात आहे. म्हणजे हे हत्यार त्या पट्ट्यात एकापेक्षा जास्त लोक वापरत असावेत.

लेखी पुरावा म्हणाल तर ट्रेजनने स्वतः लिहिलेल्या युद्धवृत्तांतातलं एकच वाक्य उरलंय, आणि त्यात "तिथून बेर्झोबिसला, मग ऐझीला गेलो" एवढंच आहे. नशीब आपलं! पण फ्रोंटो नावाचा दुसऱ्या शतकातला लेखक एक कामाची गोष्ट सांगून जातो: ट्रेजन पुढे पार्थियनांवर (आजच्या इराण-इराककडच्या साम्राज्यावर) निघाला तेव्हा त्याच्या जुन्या सैनिकांना पार्थियन बाणांचं काहीच वाटेना, कारण डेशियनांच्या फाल्क्सने झालेल्या भयंकर जखमा त्यांनी पाहिल्या होत्या. व्हिडिओतली शकलं सोडा, हे वाक्य मला जास्त वजनदार वाटतं.

---

ऐरणीवाला

शिरस्त्राण फुटेल का यावर बोलतो, कारण लोखंड ठोकण्यात हयात गेली. आमच्याकडे ऊसतोडीचे कोयते शेवटाला येतात, तेव्हा धार काय करते आणि टोक काय करतं हे रोज हातात असतं.

मागे एकदा भंगारातल्या ड्रमचा पत्रा सरळ उभा करून त्यावर मोठ्या पात्याचे घाव घालून पाहिले. धारेच्या मधल्या भागाने मारलं की पत्र्याला खोल पन्हळ पडते, पातं थरथरतं, मनगटाला झिणझिण्या येतात, पण पत्रा शाबूत. तोच घाव टोकाने बसला की सरळ भोक, आणि पातं आत अडकून बसतं, पाय लावून ओढावं लागतं. जोर तोच, पण तो मावतो किती जागेत हा हिशेब आहे.

रोमन शिरस्त्राणाचा पत्रा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. पण तो ड्रमसारखा सपाट नव्हता हे विसरू नका. घुमटाकार पत्र्यावर घाव तिरका बसला तर सटकतो. घाव सरळ टाळूवर आला, टोकाने आला, आणि मारणाऱ्याने दोन हातांनी अंगाचा भार टाकला, तर आत जाईल. नाही गेलं तरी एवढा पोचा पडेल की माणूस खाली बसेल. मेला नाही तरी त्या दिवसापुरता तो कामातून गेला.

फुलीचे पट्टे दोन कामं करतात. एक, नेमक्या टाळूवर दुप्पट जाडी. दोन, वरून घसरत येणारं टोक पट्ट्याच्या कडेला अडतं आणि जोर घुमटभर पसरतो. कुठल्या तरी छावणीतल्या लोहाराने केलेलं काम आहे हे. भट्टी पेटवून चार रिव्हेट मारले की झालं. नवीन शिरस्त्राण घडवायला बसायचं म्हणजे किती दिवस!

आता फाल्क्सच्या दांड्याकडे बघा. पात्याचं मागचं निमुळतं अंग लाकडात बसवायचं आणि वरून कडं चढवायचं. हा सांधाच याचा नाजूक भाग. ढालीच्या काठावर वेडावाकडा वार बसला की दांडा तिथेच चिरणार. लढाईत एका माणसाचं एक पातं किती वेळ टिकलं असेल, याचा विचार कोणी व्हिडिओत करत नाही.

---

निवडुंग

ऐरणीवाले, हा प्रतिसाद म्हणजे धाग्याची कमाई आहे. "छावणीतल्या लोहाराने केलेलं काम" याला पुरावा पण आहे. रुमानियातल्या बेर्झोवियाच्या शिरस्त्राणावर हे पट्टे आधीच तयार असलेल्या टोपावर नंतर बसवलेले दिसतात. आणि बेर्झोविया म्हणजेच मोडीवाचकांनी सांगितलेल्या त्या एकुलत्या एका वाक्यातलं बेर्झोबिस!

---

खडूस खार

सगळे एकमेकांची पाठ थोपटताय म्हणून जरा मीठ टाकतो.

१. मॅनिका फाल्क्समुळे आली हे खरं नाही. ग्लॅडिएटर ती आधीपासून घालत. इ.स. २१ मध्ये गॉलमध्ये साक्रोव्हिरचं बंड झालं तेव्हा त्याच्याकडे नखशिखांत लोखंडात मढवलेले ग्लॅडिएटर होते, रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय. रोमन सैनिकांना त्यांच्यावर तलवार चालेना, तर त्यांनी कुऱ्हाडी आणि टिकाव घेऊन भिंत फोडल्यासारखं त्यांना फोडलं. म्हणजे चिलखत फोडायला जड आणि टोकदार हत्यार लागतं ही अक्कल रोमनांना डेशियनांच्या ऐंशी वर्षं आधी होती, आणि हातकवचही डोळ्यांसमोर होतं.

२. मॅनिकेचे तुकडे ब्रिटनमध्ये कार्लाइलला सापडलेत. स्कॉटलंडमध्ये न्यूस्टीडलाही. तिथे कुठला आलाय डेशियन?

३. फुलीवालं शिरस्त्राण हेब्रॉनजवळ, म्हणजे ज्यूंच्या मुलखात, सापडलंय. ज्यूंच्या हातात फाल्क्स होतं म्हणता का?

त्यामुळे "एका हत्याराने रोमचं चिलखत बदललं" वगैरे बंडल आहे. नडगीपट्टे तर होमरच्या काळापासून आहेत.

---

मोडीवाचक

खारराव, मुद्दे सगळे रास्त, निष्कर्ष घाईचा.

मॅनिका आधी होती म्हणजे डेशियात तिचा संबंध नाही, असं होत नाही. वस्तू कोठीत पडून असते, गरज लागली की सगळ्यांना वाटली जाते. अदामक्लिसीवर ती साध्या सैनिकांच्या हातावर दिसते हा मुद्दा आहे. हेब्रॉनचं शिरस्त्राण तर उलट निवडुंग यांच्या बाजूने जातं. एकदा दान्यूबवर उपाय लागू पडला की लीजन तिथून हलते, लोहार हलतात, सवय हलते. दुसऱ्या शतकात पुढे शिरस्त्राणं घडवतानाच ही फुली बसवून येऊ लागली. तोवर मूळ कारण काय होतं हे कोणाला आठवतही नसेल.

आणि वरून येणारा वार फक्त फाल्क्सचाच असतो असंही नाही. तटावरून दगड येतात. डेशियात गडकिल्ल्यांची लढाई कमी नव्हती.

---

खडूस खार

दगडाचा मुद्दा चालेल. बाकी मान्य नाही, पण वाद वाढवत नाही.

---

उंबरठा

माझा बावळट प्रश्न. एवढी मोठी ढाल होती तर फाल्क्सने ढालच का नाही तोडली? लाकूडच तर होतं.

---

ऐरणीवाला

उंबरठा, प्रश्न बावळट नाही. स्कूटम एका फळीची नसे. पातळ पट्ट्यांचे तीन थर, एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे, सरस लावून चिकटवलेले, वरून चामडं किंवा कापड. आजचं प्लायवूडच. अशा लाकडात धार सरळ चिरत जात नाही, दर थराला अडते. पातं आत रुतलं की मात्र मजा, कारण रुतलेलं पातं बाहेर ओढेपर्यंत फाल्क्सवाला मोकळा उभा, ढाल नाही, दोन्ही हात अडकलेले, आणि समोरच्याच्या हातात अर्धा मीटर भोसकणी.

दुसरी बाजूही सांगतो. रुतलेलं पातं ओढलं तर ढालही खाली ओढली जाते. वाकडं आहे ना, आकड्यासारखं काम करतं. शेजारी भालेवाला जोडीदार असला तर त्याला तेवढी फट पुरे. एकट्याने मारायचं हत्यार नाही हे.

---

भर दुपार

हे थ्रेशियन लोकांच्या ऱ्होम्फायाबद्दल कुणी बोललंच नाही. ते आणि फाल्क्स एकच का?

अवांतर: आपल्या दांडपट्ट्याने रोमन चिलखत फुटलं असतं का?

---

निवडुंग

अवांतराचं आधी: दांडपट्ट्याचं पातं लवचीक, ते उघड्या अंगावर कापायला. पत्रा फोडायला ते नाही. तो धागा वेगळा काढा, इथे सुरू झालं तर हा धागा तीनशे प्रतिसादांवर जाईल आणि फाल्क्स कुणाला आठवणार नाही.

ऱ्होम्फाया वेगळं. ते थ्रेशियनांचं, म्हणजे आजचा दक्षिण बल्गेरिया आणि उत्तर ग्रीस. पातं लांबलचक, जवळजवळ सरळ किंवा किंचित वाकलेलं, धार एका बाजूला, मूठही लांब. ऱ्होडोपी डोंगराळ भागात बरीच सापडली आहेत. रोमनांशी त्याची गाठ डेशियन युद्धांच्या तीनशे वर्षं आधी पडली.

दोन प्रसंग माझे आवडते. इ.स.पू. १६८, पिड्नाची लढाई. मॅसिडोनियन फौजेच्या पुढे थ्रेशियन चालत आले. प्लूटार्कने त्यांचं वर्णन दिलंय: धिप्पाड, चकचकीत पांढऱ्या ढाली, काळे अंगरखे, आणि उजव्या खांद्यावर हेलकावणारी जड लोखंडी ऱ्होम्फाया. समोरून बघणाऱ्या रोमन अधिकाऱ्याला धडकी भरली म्हणतात.

दुसरा प्रसंग उलटा. इ.स.पू. १९९, मॅसिडोनियातच, झाडीने भरलेली खिंड. लिव्ही सांगतो की थ्रेशियनांची ती लांबच लांब पाती चहूकडून आलेल्या फांद्यांत अडकू लागली आणि त्यांना काही करताच येईना. मॅसिडोनियनांच्या लांब भाल्यांची तीच गत.

---

उंबरठा

पण मग डेशियन तर डोंगर-जंगलातच लढले ना? तिथे फाल्क्स कसं चाललं?

---

निवडुंग

बरोबर बोट ठेवलंत. फाल्क्स ऱ्होम्फायापेक्षा आखूड, हा एक भाग. दुसरं म्हणजे दाट रानात शिरून लढायचं आणि रानातून बाहेर येऊन चालत्या फौजेवर पडायचं यात फरक आहे. फाल्क्सचा मोठा फायदा पहिल्या धडकेचा. रोमन ओळ नीट लागलेली नाही, ढाली अजून पाठीवरून खाली येतायत, वाट अरुंद, एका बाजूला उतार. तेव्हा वरून आलेला दोन हातांचा वार परवडत नाही. फुस्कसची फौज अशाच मुलखात बुडाली.

उघड्यावर, ओळ लागल्यावर, गणित फिरतं. पॉलिबियस सांगतो की रोमन सैनिकाला तलवार चालवायला शेजाऱ्यापासून किमान ३ फूट मोकळी जागा लागे. दोन हातांचं वाकडं पातं गरगरवायला त्याहून जास्त लागणार, नाहीतर आपल्याच जोडीदाराचं डोकं जायचं. म्हणजे फाल्क्सवाले विरळ उभे राहणार. एका फाल्क्सवाल्यासमोर दीड-दोन रोमन. त्यात दोन्ही हातांत पातं, ढाल नाही, आणि रोमन आधी काय करतो? पिलम, म्हणजे फेकायचा जड भाला, फेकतो. त्याआधी गोफणवाले, तिरंदाज. जे उरले ते वार उगारतात, वार उगारला की काख आणि पोट उघडं, आणि रोमन एक पाऊल आत घुसून ढाल अंगावर दाबतो. आत शिरल्यावर लांब पात्याचा टोकाकडचा भाग रोमनाच्या पाठीमागे राहतो, त्याचा उपयोग शून्य. शिलापटांवर रोमनांची तलवार बऱ्याचदा खालून पोटाच्या रोखाने आहे. भिडणं हाच त्यांचा उपाय होता, आणि डोक्यावरची फुली व हातावरची मॅनिका त्या एका पावलापुरती हवी होती, पहिला वार सोसायला.

---

सांजसकाळ

"पहिला वार सोसायला" हे पटलं. जखमींबद्दल काही माहिती आहे का? स्तंभावर एका दृश्यात सैनिकाची मांडी बांधताना दाखवलंय.

---

मोडीवाचक

हो, ते प्रसिद्ध दृश्य आहे. आणि कॅशियस डिओ सांगतो की टापेच्या लढाईत बांधायच्या पट्ट्या संपल्या तेव्हा ट्रेजनने स्वतःचे कपडे फाडून दिले, आणि मेलेल्यांसाठी तिथे वेदी बांधून दरवर्षी विधी करायची आज्ञा केली. सम्राटाचं कौतुक करायला रचलेली गोष्ट असेलही, पण पट्ट्या संपल्या हे कुणी कौतुकापोटी घुसडत नाही. जिंकलेल्या लढाईचं हे वर्णन आहे.

याच लढाईच्या आधीची डिओची आणखी एक गोष्ट सांगतो, राहवत नाही. डेशियनांच्या दोस्तांनी ट्रेजनला निरोप पाठवला, "परत जा, तह पाळा". कशावर लिहून? भल्यामोठ्या अळंबीवर, लॅटिनमध्ये. ट्रेजनने काय केलं? पुढे गेला.

---

खडूस खार

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, निवडुंग. डेशियन हरले कसे.

मी सांगतो. हत्याराचा त्यात काही संबंध नाही. रोमनांनी दान्यूबकाठच्या कड्यात रस्ता कोरला. दोन युद्धांच्या मधल्या काळात दमास्कसच्या अपोलोडोरसने द्रोबेताला नदीवर पूल बांधला, दगडी बुंध्यांचा, किलोमीटरहून लांब. स्तंभ नीट पाहिलात तर लढाईपेक्षा झाडं तोडणं, छावण्या बांधणं, विटा-दगड वाहणं हेच जास्त आहे. १०२ च्या तहात ट्रेजनने काय मागितलं ते बघा: हत्यारं द्या, युद्धयंत्रं द्या, ती बनवणारे कारागीर द्या, पळून आलेले आमचे लोक परत करा, गड पाडा. कारागीर मागितले! फाल्क्स बनवणारा लोहार गावोगाव असतो, त्याला कोण विचारतं. ट्रेजनला भीती यंत्रं बनवणाऱ्यांची होती, आणि ते मुळात रोममधूनच गेलेले.

१०६ मध्ये डेशियनांची राजधानी सार्मिझेगेतुसा पडली. डेसेबालस पळाला, घोडेस्वारांनी गाठला तेव्हा त्याने स्वतःच जीव दिला. त्याचं मुंडकं ट्रेजनकडे नेणाऱ्या स्वाराची, टायबेरियस क्लॉडियस मॅक्सिमसची, कबर ग्रीसमध्ये सापडली आहे, त्यावर त्याने हा पराक्रम चित्रासकट कोरून घेतलाय.

---

निवडुंग

खारराव, निकालाबद्दल शंभर टक्के सहमत. पण मी धागा काढला तो लढणाऱ्या माणसाच्या बाजूने. पूल आणि रस्ते सम्राटाला दिसतात. ओळीत उभ्या असलेल्याला समोरचं पातं दिसतं, आणि तो संध्याकाळी लोहाराकडे जाऊन शिरस्त्राणावर दोन पट्टे ठोकून घेतो. फौजेचा कारभार बदलला नाही, लीजनची बांधणी बदलली नाही, पुढच्या मोहिमेत सगळे तीच ढाल आणि तीच तलवार घेऊन गेले. "रोमने चिलखत बदललं" हे म्हणूनच मला पटत नाही. सैनिकांनी ठिगळं लावली आणि कामापुरती ती पुरली.

---

भर दुपार

युद्धानंतर फाल्क्स वापरातून गेलं का मग? की डेशियन रोमन सैन्यात भरती झाल्यावर सोबत घेऊन गेले?

---

मोडीवाचक

भरती झाली, जोरात झाली. डेशियन तरुणांच्या साहाय्यक तुकड्या करून साम्राज्यभर पांगवल्या. त्यांतली एक, कोहोर्स प्रिमा एलिया डाकोरम, पार ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीवर, बर्डोस्वाल्डच्या किल्ल्यात बसवली. तिथल्या बांधकामाच्या शिलालेखावर बाजूला एक वाकडं पातं कोरलंय. तो दगड तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे डेसेबालसला जाऊन शंभरहून जास्त वर्षं झाली होती. लढायला ते वापरत होते असा अर्थ त्यातून काढू नये. तुकडीची निशाणी म्हणून ठेवलं असणार, बहुतेकांनी डेशिया डोळ्यांनी पाहिलाही नसेल.

ट्रेजनच्या नाण्यांवरही ते आहे, बरं का. हरलेला डेशियन हत्यारांच्या ढिगावर बसलाय आणि ढिगात फाल्क्स. त्या हत्याराची ओळख रोममधल्या भाजी घेणाऱ्यापर्यंत पोचली होती.

---

भर दुपार

धन्यवाद. मग वर आलेल्या रॉक्सोलानींबद्दलही लिहा की. माणूस आणि घोडा दोघंही खवल्यांच्या चिलखतात, त्यांच्याशी रोमन कसे लढले?

---

निवडुंग

लिहितो, पण वेगळ्या धाग्यात. इ.स. ६९ च्या हिवाळ्यात ते बर्फ वितळलेल्या चिखलात सापडले आणि घोड्यावरून पडल्यावर त्या जड चिलखतात उठताच येईना, टॅसिटसकडे सगळं आहे. तोवर ऐरणीवाल्यांना विनंती: ड्रमच्या पत्र्याऐवजी एखादी लोखंडी कढई उलटी ठेवून, म्हणजे घुमटासारखी, त्यावर टोकाचा घाव घालून बघा आणि फोटो टाका.

---

ऐरणीवाला

कढई घरातली नको, बायको फाल्क्सविनाच निकाल लावेल. भंगारवाल्याकडून आणतो.